कुलपांना पत्रिका देऊन आले: अमृतमहोत्सव समितीला खुले पत्र

आदरणीय फादर, कॉन्व्हेंटच्या सर्व सिस्टर आणि अमृतमहोत्सव समितीतल्या दादा-वहिनी, काका-मामांनो,

जय ख्रिस्त.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी मिस्सेची उपासना झाल्यावर तुम्ही माझ्या हातात पत्रिकांचा गठ्ठा दिलात. आपल्या वस्तीतल्या ६३ घरांच्या पत्रिका. मिशनला ७५ वर्षं होताहेत, २४ जानेवारीला सोहळा, संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण, बिशपस्वामींच्या हस्ते मिस्सा, मग जेवण, मग मुलांचे कार्यक्रम. पत्रिका सुरेख झाली आहे. वर आपल्या चर्चचा फोटो आहे, कडुलिंबासकट.

सोमवारी दुपारी मी वाटायला निघाले. १६ पत्रिका माणसांच्या हातात पडल्या. ४७ घरांना कुलूप होतं.

पहिल्या काही दारांच्या कडीत मी पत्रिका खोचली. सहाव्या-सातव्या दारापाशी हातच थांबला. अंगणातली चूल खचलेली, दावणीत कोरडी वैरण, चौकटीवर खडूने काढलेला क्रूस अर्धा पुसलेला, आणि कुलूप गंजू नये म्हणून त्याला दुधाची पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधलेली. कुलपाचीही ज्यांनी एवढी काळजी घेतली, ती ऊस तोडायला गेलेली माणसं मार्चअखेरीपर्यंत परत येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या कडीला २४ जानेवारीची पत्रिका कशी अडकवायची?

गल्लीच्या टोकाला एक आजी पाच नातवंडं घेऊन बसल्या होत्या. मी पत्रिका वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मपलं काय, म्या येईन की. लेकरं बी घिऊन येईन. पर ज्यांनी चर्चच्या पायात दगड टाकले त्यांची पोरं समदी कारखान्यावर हायेत. त्यायला कोण सांगनार?"

म्हणून हे पत्र. माझं मागणं एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगते: अमृतमहोत्सव २४ जानेवारीला करू नका. ऊसतोडीच्या टोळ्या गावी परत येईपर्यंत थांबा आणि मे महिन्याच्या शेवटी करा.

हे मी बैठकीतही बोलले होते. "पत्रिका छापून झाल्या, आता काही होत नाही," असं उत्तर मिळालं. कुणी रागाने बोललं नाही, कामाचा ताण सगळ्यांवर आहे हे मला दिसतं. पण हे उघड लिहिण्याचं कारण असं की ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ती माणसं त्या बैठकीत नव्हती. रात्री उसाची गाडी भरून झाली की ती कोपीत, पाचटाच्या झोपडीत, आडवी पडून मोबाइल बघतात. मिशनमध्ये आपल्यासाठी कुणी भांडतंय का, हे त्यांना कळायला हवं.

आणि फडावरच्या, उसाच्या रानातल्या माझ्या भावा-बहिणींनो, तुम्ही हे वाचत असाल तर आधी मिशनची खुशाली सांगते. पहाटे साडेपाचला घंटा होते, तीच, दोरीची. दोर नवा बसवलाय, त्यामुळे लहान पोरांना लोंबकळायला मिळत नाही. मिस्सा सहाला. थंडीमुळे बोर्डिंगची लेकरं शाल पांघरूनच बाकांवर बसतात आणि पहिलं वाचन होईपर्यंत निम्म्या जणांच्या माना खाली गेलेल्या असतात. मग चहा, भाकरी, शाळा. संध्याकाळी जपमाळ झाली की गाण्यांचा सराव. ढोलकीचं एक पान फाटलं होतं, ते मढवून आणलं. हार्मोनियमची एक पट्टी अजून अडकते.

सिस्टरांनी वेदीवरचं नवं कापड भरायला घेतलंय. काठाला ज्वारीची कणसं आणि मधोमध द्राक्षांचा घड. रोज दुपारी कॉन्व्हेंटच्या ओसरीवर तीन-चार जणी सुई घेऊन बसतात. पितळी समया आणि मेणबत्तीचे स्टँड चिंच-राखेने घासून लख्ख केलेत. पोरांनी नाल्यातले गोटे आणून रस्त्याच्या कडेला मांडलेत, एक चुन्याचा, एक गेरूचा. चर्चला रंग देऊन झाला. तुम्ही दसऱ्यानंतर निघालात तेव्हा भिंतीला जो ओलीचा डाग होता, त्याच्या जागी आता प्लास्टर आहे. स्वयंपाकघरातल्या मावशींनी शेंगदाणे आणि तिखटाची यादी काढली आहे, आणि दर दोन दिवसांनी त्या मला विचारतात, "बाई, पंगतीला किती धरायचे?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पाहुणे धरले तर मंडप भरेल. आजूबाजूच्या धर्मग्रामांतून गाड्या येतील, इथे काम केलेले जुने फादर आणि सिस्टर येतील, माझ्यासारखी बोर्डिंगमधून शिकलेली, पण पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं-मुली येतील. आपल्या वस्तीची पंगत मात्र म्हातारी माणसं आणि लेकरं यांच्यावरच आटोपेल.

मी दुसरीत जाईपर्यंत आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, यांच्याबरोबर फडावर जायची. समितीतले बरेच जण कधी फडावर राहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उन्हाळ्यात-पावसाळ्यात टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत अंग त्याचं. पहाटे अंधारात फडात उतरायचं. दादा ऊस तोडायचे, आई पाचट सोलून मोळ्या बांधायची. गाडी कधी येईल याचा नेम नाही. आली की भरायची, मग रात्रीचे अकरा वाजोत की दोन. ट्रकला फळी लावलेली असायची आणि आई डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढायची. एक दिवस काम चुकलं की खाडा. म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाहीच, वर पैसे कापून घेतात. २४ जानेवारीला सांगली-कोल्हापूरकडून किंवा बेळगावच्या पलीकडून जोडीने गावी यायचं तर जाणं-येणं आणि तो दिवस धरून तीन दिवस मोडतात. वर एसटीचं भाडं. "यायचं मनात असेल तर येतील," असं बैठकीत एक जण म्हणाले. मनात असतंच. येता येत नाही.

माझ्या लहानपणीचे चार नाताळ फडावर गेले. त्यातला एक चांगला आठवतो. २४ डिसेंबरच्या रात्री गाडी लागली होती. दादा म्हणाले, आपला नाताळ गाडी भरल्यावर. मी कोपीत वाट बघत झोपून गेले. सकाळी उठले तर कोपीच्या तोंडाशी वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, एक चांदणीसारखा आकार बांधून टांगलेला होता. आईने रात्री दोन वाजता, गाडी भरून झाल्यावर, तो बांधला होता.

आणि एका वर्षी जानेवारीत आमच्या फडावर मिस्सा झाली. त्या वर्षी टोळी नगर जिल्ह्यात होती. आपले तेव्हाचे फादर राजदूत मोटारसायकलवर, मागे कापडी पिशवीत सगळं सामान बांधून, विचारत विचारत आले. दुपार कलली होती. मुकादमाने तासभर सूट दिली. एक रिकामी बैलगाडी उभी करून तिचं जू दगडांवर टेकवलं, आईने पेटीतलं धुतलेलं लुगडं वर अंथरलं, झाली वेदी. बैल बाजूलाच बांधलेले. फादरांनी प्रभुभोजन द्यायला सुरुवात केली तेव्हा आई मागे सरली. तिचे हात उसाच्या चिकाने काळे पडले होते, बोटांवर पाचटाने चिरलेल्या रेषा, त्यांत माती. तिने हात पदराखाली घेतले. फादर पुढे गेले नाहीत. तिच्यासमोर उभे राहिले आणि काही न बोलता थांबले. बराच वेळ. मग आईने हात बाहेर काढले, डाव्यावर उजवा, आणि फादरांनी त्या तळहातावर ख्रिस्तशरीर ठेवलं. गावी आल्यावर आई कितीतरी वर्षं हे सांगायची. मिशनविषयी तिची बाकीची सगळी श्रद्धा त्या तासाभरात मावलेली होती, असं मला वाटतं.

त्याच वर्षी जूनमध्ये मला पत्र्याची पेटी देऊन बोर्डिंगला ठेवलं. आज मी लिहिते-वाचते, चार मुलांना शिकवते, ते त्या पेटीमुळे.

आता स्मरणिकेचं. तुम्ही मला जुन्या नोंदींतून नावं काढायचं काम दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. महिनाभर मी ऑफिसात बसून बाप्तिस्म्याची रजिस्टरं चाळते आहे. सुरुवातीची पानं लॅटिनमध्ये आहेत. बारीक, तिरकं अक्षर, निळी शाई तपकिरी झालेली. आपल्या आज्या-पणज्यांची नावं लॅटिन लिपीत बघताना गंमत वाटते. "सखुबाई" लिहायला त्या फादरांना केवढे कष्ट पडले असतील! पण मला सांगायचंय ते वेगळं. पहिली वीसेक वर्षं बाप्तिस्मे वर्षभर पसरलेले आहेत. नाताळात, पावसाळ्यात, केव्हाही. मग १९७२ चा दुष्काळ येतो. त्याच्या पुढची पानं उलटत गेलं की नोंदी सरकायला लागतात. नोव्हेंबर ते मार्च अर्ध्या पानात आटोपतो आणि एप्रिल-मे-जूनला तीन-तीन पानं लागतात. लग्नाच्या रजिस्टरातही तेच. बहात्तरनंतर गाव कसं कोयत्याला लागलं, याची दुसरी कुठली नोंद आपल्याकडे नसेल. या रजिस्टरांत मात्र महिन्यांच्या हिशेबाने आहे. फडावर जन्मलेलं लेकरू पाडव्यानंतर गावी आलं की पहिल्या रविवारी चर्चला आणायचं, हा आपला रिवाज कुणी ठरवला नाही. तो पडला. माझ्या धाकट्या भावाचाही बाप्तिस्मा असाच आहे, जन्म जानेवारीतला, नोंद एप्रिलची.

म्हणजे आपल्या धर्मग्रामाचा स्वतःचा एक कॅलेंडर आहे आणि तो गेली ५० वर्षं ऑफिसातल्या कपाटात लिहिलेला पडलाय. आपली माणसं एकत्र येतात ती उन्हाळ्यात. अमृतमहोत्सव त्यांचा असेल तर तोही उन्हाळ्यातच यायला हवा.

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. आपलं मिशनही जवळपास त्याच वयाचं. दोघांनी आपल्या वस्तीची माणसं घेतली, एकाने हात, एकाने आत्मा. मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, दुष्काळात विहिरी दिल्या. तरी जमीन कोरडवाहू, बालाघाटाच्या उतारावरची, आणि तीही अनेकांच्या नावावर नाही. त्यात १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात ख्रिस्ती झालेल्यांना जागा नाही. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्यात घेतलं गेलं; ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. मुलगा शिकला तरी जातीच्या दाखल्यापाशी अडतो आणि शेवटी बापाचाच कोयता उचलतो. हा विषय मोठा आहे, स्मरणिकेत त्यावर स्वतंत्र लेख यायला हवा. इथे एवढंच म्हणते की ही माणसं हौसेने गैरहजर नाहीत.

"सण संताचा आहे, संताचा दिवस कसा हलवायचा?" असं तुमच्यापैकी काहींना मनापासून वाटतं. त्या भावनेचा मला आदर आहे. म्हणून त्याच संतांचं थोडं सांगते.

संत फ्रान्सिस डी सेल्स वारले ते २८ डिसेंबर १६२२ ला, फ्रान्समधल्या लियाँ शहरात. त्यांचा देह आनसी गावी आणून पुरला तो २४ जानेवारी १६२३ ला. त्यांचा सण मात्र शेकडो वर्षं २९ जानेवारीला व्हायचा. १९६९ मध्ये चर्चचं पंचांग सुधारलं तेव्हा तो २४ जानेवारीला आला. आपलं मिशन सुरू झालं तेव्हा आपल्या आज्यांनी हा सण २९ तारखेलाच साजरा केला असणार. सण हलला, संत होते तिथेच राहिले.

बाकीचे सणही बघा. प्रभूचं स्वर्गारोहण पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी येतं. आपण भारतात ते रविवारी करतो. तीन राजांचा सण ६ जानेवारीचा, तोही रविवारी. कशासाठी? लोकांना कामावरून येता यावं म्हणून. चर्चने हे माणसांसाठी आधीच केलंय. आपल्याला फक्त रविवारऐवजी हंगाम बघायचा आहे.

आणि पवित्र शास्त्रात याहून थेट उत्तर आहे. गणना या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात काही माणसं मोशेकडे येतात. त्यांना मृतदेहाचा विटाळ झालेला असतो, वल्हांडणाचा सण पाळता येत नाही. ती विचारतात, इतर इस्राएलांबरोबर आम्ही अर्पण का आणू नये? मोशे त्यांना हाकलत नाही आणि स्वतः उत्तरही देत नाही. थांबा, देवाला विचारतो, म्हणतो. देवाचं उत्तर असं येतं की ज्याला विटाळ असेल किंवा जो दूरच्या प्रवासात असेल त्याने दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण पाळावा. त्यांनी प्रवासाचं विचारलंही नव्हतं. दूर गेलेल्यांची आठवण देवाने स्वतः काढली. पुढे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात हिज्कीया राजा सगळ्या राष्ट्राचाच वल्हांडण एक महिना पुढे नेतो, आणि त्याची दोन कारणं तिथे लिहिलीत: पुरेसे याजक शुद्ध झाले नव्हते आणि लोक यरुशलेमेत जमले नव्हते. लोक जमले नव्हते. मी हा अध्याय त्या सोमवारी रात्री, उरलेला गठ्ठा शेजारी ठेवून वाचला.

इस्राएलाच्या सर्वांत मोठ्या सणाला दुसरी तारीख मिळू शकते तर आपल्या अमृतमहोत्सवाला का नाही?

मी ३१ मेच्या आधीचा रविवार सुचवते. ३१ मे हा मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण. लांबून चालत आलेल्या नात्यातल्या बाईला दारात बघून घरातली बाई आनंदते, तो दिवस. फ्रान्सिस डी सेल्स यांनी संत जेन द शांताल यांच्याबरोबर १६१० मध्ये आनसीला भगिनींचा संघ सुरू केला तो याच भेटीच्या नावाने, आणि सुरुवातीला त्या भगिनी आजाऱ्यांना भेटायला घरोघर जायच्या. आपल्या संतांना हा सण परका नाही.

अडचणी मला माहीत आहेत. मे महिन्यात ऊन आहे. मग सोहळा सकाळी दहाऐवजी संध्याकाळी सहाला ठेवू. आपली लग्नं नाही का रात्री लागत? पाण्याची टंचाई असते, विहीर तळाला जाते. दोन टँकर घ्यावे लागतील. मंडपाचा खर्च निम्म्यावर आणला तर टँकर निघतात, आणि वळवाच्या वाऱ्यात मोठा मंडप टिकतही नाही. चर्चपुढचं पटांगण आणि कडुलिंब पुरेसा आहे. बोर्डिंगला सुट्टी असते, नाचाचं काय? नाचातल्या २२ मुलींपैकी १५ जणींचे आई-बाप आत्ता फडावर आहेत. मेमध्ये त्या मुली घरी, म्हणजे याच वस्तीत, आईजवळ असतील. सराव मी घेईन, चर्चच्या ओसरीवर, ऊन उतरल्यावर. बिशपस्वामींची तारीख घेतलेली आहे, हे खरं अवघड आहे. पण त्यांना कारण सांगितलं तर ते नाराज होतील असं मला वाटत नाही. फादर, तुम्ही म्हणाल तर मी बरोबर येते, रजिस्टर घेऊन. ती पानं त्यांनी बघावीत.

नोकरदार पाहुण्यांना जानेवारीपेक्षा मे सोयीचाच आहे, शाळांना सुट्टी असते. त्यावर जास्त लिहीत नाही.

२४ जानेवारी कोरडा जाऊ द्या असं मी म्हणत नाही. दरवर्षीसारखी मिस्सा होऊ दे, बोर्डिंगच्या लेकरांना गोड जेवण मिळू दे. आणि त्या आठवड्यात आपण फडावर जाऊ.

आमच्या आजी सांगायच्या की मिशनच्या सुरुवातीला चर्च नव्हतंच. धर्मशिक्षक मास्तर आणि फादर वस्ती-वस्तीवर पायी यायचे, रात्री कंदिलाखाली प्रार्थना शिकवायचे आणि सकाळी पुढच्या वस्तीला निघायचे. घोगरगावच्या फादर गुरियन जाकिये यांचं नाव मराठवाड्यातली जुनी ख्रिस्ती माणसं आजही काढतात. ते परदेशातून आले होते आणि इथल्या माणसांत राहिले. वस्तीने त्यांच्याकडे जायच्या आधी ते वस्तीकडे आले. आणि ज्या फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचा संघ त्यांना इथे घेऊन आला, ते संत तरी कसे? १५९४ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या शाब्लेच्या मुलखात गेले तेव्हा त्यांचं प्रवचन ऐकायला कुणी येईना. त्यांनी आपलं म्हणणं कागदांवर लिहून काढलं आणि ते कागद लोकांच्या दारांखालून आत सरकवले. याच कामामुळे १९२३ मध्ये पोपमहोदयांनी त्यांना पत्रकार-लेखकांचे आश्रयदाते केलं. हे मी बोर्डिंगमध्ये असताना शिकले होते. सोमवारी ४७ कुलपांपुढे उभी राहिले तेव्हा ते आठवलं. त्यांनी सरकवलेले कागद उचलायला दारामागे माणूस होता. माझी पत्रिका उचलायला मागे कुणी नव्हतं. दारं आता फडावर आहेत, कोपीला लावलेल्या पाचटाच्या झापाची.

आपल्या कोणत्या घरची टोळी कुठे आहे हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे. कुणी सांगितलं म्हणून लिहिलं नाही. दिवाळीनंतर दर रविवारी एकेका घरी फोन करते, तेव्हा लिहून ठेवलं. कोणता कारखाना, कोणतं गाव, मुकादमाचा नंबर, कोण गरोदर आहे, कुणाचा पाय कापला गेला, कुणाचं लेकरू बरोबर आहे आणि शाळेत जात नाही. बहुतेक टोळ्या तीन पट्ट्यांत आहेत. जवळच्या पट्ट्यात फादर दोन दिवसांत जाऊन येऊ शकतात. दवाखान्यातल्या सिस्टर बरोबर आल्या तर फार चांगलं होईल. फडावर बायका ताप आणि पोटदुखी अंगावर काढतात आणि हंगाम संपल्यावर सांगतात. २०१९ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या गर्भपिशव्यांच्या ऑपरेशनांची चौकशी सरकारला करावी लागली, ते तुम्हाला आठवत असेल. बाजेवर बसून एका बाईला दहा मिनिटं विचारपूस केली तरी ती बोलते. बैलगाडी हल्ली सगळीकडे नसते. ट्रॅक्टरची ट्रॉली असते, वेदी तिच्यावर होईल. वर अंथरायला सिस्टरांनी भरलेलं नवं कापडच घेऊन जाऊ. ते पहिल्यांदा फडावर अंथरलं जावं, असं माझ्या फार मनात आहे.

आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. ती असती तर या समितीपुढे उभी राहून बोलली नसती, मागे सरून पदराखाली हात घेतले असते. म्हणून मी लिहिलं.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर दहा मिनिटं बसू या, एवढीच विनंती. वही मी घेऊन येते. ४७ पत्रिका माझ्याकडेच आहेत, कडीत खोचलेल्याही मंगळवारी जाऊन काढून आणल्या. पुन्हा छापायची गरज नाही. तारखेच्या ओळीवर बसेल एवढी कागदाची पट्टी कापायची, तिच्यावर नवी तारीख लिहायची आणि खळीने चिकटवायची. बोर्डिंगच्या मुलींचं अक्षर चांगलं आहे, मी त्यांना विचारून ठेवलंय.

आपली,
बोर्डिंगची एक जुनी मुलगी